गेली का?

शनिवारी रात्री साडेदहाला, बोपोडीत,
जेवणाची भांडी तशीच ओट्यावर टाकून
आम्ही भुताचा सिनेमा लावतो.
निवड माझी. तक्रारी दोघांच्या.

पप्पा खुर्ची पुढे ओढतात.
एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, टेस्टिंगला,
कानात कापसाचे बोळे कोंबून,
तरी गेलेच कान. आधी डावा,
मग उजवा, रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी.
मशीन कपाटात, डबीत झोपलेलं.
टीव्हीपायी सेल कशाला जाळायचे, म्हणतात.

आई दिवाणावर, पोटाशी उशी,
पाटी पडायच्या आतच ओढणी तोंडावर.
ती बघत नाही, नुसती ऐकते.
ते ऐकत नाहीत, नुसते बघतात.
दोघांचा मिळून एक सिनेमा होतो,
मधली शिवण मी.

'गेली का?' ओढणीतून.
'नाही. जिन्यात उभी आहे.'
'काय वाजतंय?' पप्पा, पार्किंगपर्यंत जाईल असं.
मी त्यांच्याकडे वळून, ओठ मोठे करून:
'दार. करकरतंय.'
'तेल घाला म्हणावं.'

हळूहळू माझ्याकडचे शब्द संपायला येतात.
करकर सांगून झालं, कुरकुर सांगून झालं,
सळसळ, टपटप, जात्यावर काहीच न घालता
जातं फिरवल्यासारखी घरघर,
आणि एक आवाज असा की त्याला नावच नाही,
ओल्या चादरीआडून कुणी श्वास ओढावा तसा.
तो मी छातीवर पंजा ठेवून करून दाखवते.
पप्पा मान डोलावतात.
'समजलं. दमा.'

त्यांना तिची भीती वाटत नाही, दया येते.
एवढ्या रात्रीची बाई एकटी हिंडतेय,
कुणी जेवलीस का विचारत नाही.
'गेली का?' आई पुन्हा.
मी तिचा प्रश्न पप्पांना पोचवते.
ते चष्मा पुसतात, पडद्याजवळ वाकतात.
'पाय उलटे आहेत हिचे.
गेली की आली, कसं सांगायचं?'

तेवढ्यात लाईट गेली.

खरीखुरी. वरच्या मुदलियार काकूंचा इन्व्हर्टर
किंचित कण्हला आणि लागला कामाला.
रुळांवरून एक मालगाडी, संपता संपेना.
आईने ओढणी काढली,
रात्रीतले पहिले उघडे डोळे, आणि समोर काही नाही.
मी मोबाइल चाचपडत होते. खुर्चीतून आवाज आला,
'कोण आहे?'

ओठ दिसत नाहीत म्हणजे आम्ही नाहीच.
हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.
'विमल? अगं, आहे का कोणी?'
आवाज पप्पांचा नव्हता. शाळेत न्यायला
कुणी आलंच नाही, अशा मुलाचा होता.
'लाईट गेलीये पप्पा,' मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणताच कळलं, कुणाला सांगतेय.

आई उठली. टीपॉयचा कोपरा लागला,
टीपॉयला शिवी. मग अंधारात
हाडावर हाड वाजल्याचा बारीक आवाज,
त्यांच्या गुडघ्यावर, तिच्या बोटाच्या पेराचा:
ठक ठक.
आणि त्यांनी श्वास ओढला,
हुबेहूब तोच, नाव नसलेला.

किती वर्षांची ही खूण, मला माहीत नाही.
मी विचारलं नाही.
लाईट आली तेव्हा दोघं आपापल्या जागी होते,
राउटरचे दिवे लुकलुकत बसले दहा मिनिटं,
कुठपर्यंत आलो होतो यावर एकमत होईना.
राहिलाच तो सिनेमा.
जिन्यातल्या बाईला काय हवं होतं, देव जाणे.

दीडला मी पाण्यासाठी उठले.
फ्रिज उघडा, पायांवर गार उजेड,
आणि आतल्या खोलीतून
ठक ठक.
बाटली हातात तशीच. मान वळवायची हिंमत होईना.
मग पप्पा, सगळी बिल्डिंग उठेल एवढ्यांदा,
'हो गं. जागाच आहे.'